आईच्या फोटोला हार नाय

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात, एसटी खाली सोडते आणि पुढं पाऊण तास चढ, वर गेलं की पंधरा-वीस घरं, गुरं, नाचणी, बाकी काय नाय. मी तिथलाच. शाळा थोडीफार झाली आणि महाडला वसाहतीत केमिकलच्या कंपनीत लागलो, पावडरच्या गोण्या भरायच्या, महाडजवळच्या नाते गावात खोली घेतली, बायको तिथं आणि आई वाडीवर. सुट्टी पडली की मी वर. कंपनीत एक शिकलो, ज्या ड्रमावर चिठ्ठी नाय त्याला हात लावायचा नाय, पण खरं सांगू का तुम्हाला, संशय माझ्यात कंपनीनं नाय घातला, तो आईकडनंच आलाय. शेजारणीनं ताक दिलं तर आई पयला वास घेणार. मी खाऊ नेला तर बोलणार, आज काय रे एवढा लाडात आलास, काय पायजे?

आता फोटोचं सांगतो. आमचा बाप गेला तेव्हा त्याचा फोटोच नव्हता, एक कुणाच्या लग्नातला होता, दहा जणांचा. महाडच्या स्टुडिओवाल्यानं त्यातनं बाप कापून मोठा करून दिला, पण बापाच्या खांद्यावर बाजूच्या कुणाचा तरी हात होता तो तसाच राहिला. झालं, तो फोटो हार घालून भिंतीवर, आणि आई रोज बघणार आणि बोलणार, हा हात कुणाचा रे? मी बोललो असंल कुणा पाव्हण्याचा. तर बोलते, नीट बघ, त्या हातात बांगडी हाय काय. अहो, बाप मरून गेला आणि हिचा संशय जाईना. तवाच मी ठरवलं की आईचा एक चांगला फोटो तिच्या जितेपणी काढायचा, चेहरा नीट दिसेल असा, एकटीचा.

दोन हजार सालानंतरची गोष्ट हाय, माझ्या मुंबईच्या मेव्हण्यानं नवा डिजिटल कॅमेरा घेतला आणि जुना मला दिला. मी पयला विचार केला, हा फुकट का देतोय, काहीतरी बिघडलेला असणार. रीळ नाय, काय नाय, फोटो जातो कुठं तेच कळंना. सोबतचं पुस्तक इंग्लिशमधी, त्यातली चित्रं बघून बघून शिकलो.

आईला उन्हात बसवता येत नव्हतं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, उन्हात डोळेच उघडायची नाय. मंग घरातच काढायचा, आणि आमचं घर म्हंजे चुलीच्या धुरानं काळं झालेल्या भिंती आणि एक दार. ती चुलीपुढं भाजी निवडत होती, मी समोरनं काढला, लखकन इज चमकल्यासारखं झालं, आई दचकली, शिव्या दिल्या. बघतो तर तोंड पिठात बुडवल्यासारखं पांढरं, डोळे लाल, आणि मागं भिंतीवर काळी सावली. आईनं बघितलं आणि बोलली, ही माझ्या मागं काळी कोण उभी हाय?

मंग मी तो फ्लॅश बंद करायचं बटण शोधलं. फोटो हलला, आईला दोन तोंडं. मंग बल्ब लावून काढला तर सगळी पिवळी, आई बोलते, मला कावीळ झाली काय आणि तू सांगत नायस? मंग छपराला काचेचं कौल होतं, त्याच्याखाली बसवली, उजेड बरोबर डोक्यावर पडत होता, तर डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबणी. त्यावर मात्र आईनं कॅमेरा डोळ्यांपाशी नेला. बराच वेळ बघितलं. मंग बोलली, ही मेलेली हाय. तू मला आधीच भिंतीवर लावायला निघालास काय रे? मी बोललो, नाय गो आये, आठवण म्हणून. ती बोलली, आठवण गेलेल्या माणसाची काढतात, मी तर हितंच बसलेय.

स्टुडिओवाल्याला विचारलं, तो बोलला, घरात फोटो नीट येत नाय, म्हातारीला हितं घेऊन या. मला तेव्हाच वाटलं हा लपवतोय. मी पासपोर्टचा फोटो काढायचं निमित्त केलं, आणि माझा नंबर येईस्तोवर बसून बघत राहिलो. त्यानं दिवा माणसाच्या अंगावर सरळ नाय मारला, पांढऱ्या छत्रीवर मारला, आणि छत्रीवरनं उजेड मऊ होऊन तोंडावर आला. म्हंजे गंमत दिव्यात नाय, पांढऱ्या कापडात हाय. आमच्याकडं दिवा नाय तर नाय, दाराचा उजेड हाय. एका गालावर दाराचा पडेल, दुसऱ्या बाजूला पांढरं कापड टांगलं की ते उजेड परत फेकंल, त्या गालाला अंधार राहणार नाय.

निघालो तो बाजारात गेलो, अडीच मीटर कोरं मांजरपाट घेतलं आणि सुट्टीला वाडीवर चढलो. माझ्या डोक्यात फोटो, दुसरं काय नाय. आईनं पिशवी उघडली, कापड बाहेर काढलं आणि बोलली, कोण गेलं रे? मी बोललो, कुणी नाय, हे तुझ्यासाठी आणलंय. तोंडातनं शब्द गेला आणि मला कळलं मी काय बोललो ते. आमच्यात कोरं पांढरं कापड कशाला आणतात ते तुम्हाला म्हायती हाय. आई बोलली, फोटो झाला, कापड झालं, मागं लाकडंपण फोडून ठेवलीस, आता वाट कसली बघतोस? लाकडं मी चुलीसाठी फोडली होती हो. पण सांगणार कुणाला, माझंच मला खरं वाटंना.

तीन सुट्ट्या तिनं मला बघितलं की पदर तोंडावर घेतला. वाईट वाटायचं. मला भीती होती की ही अशीच जाईल आणि मी कुणाच्या तरी लग्नातनं हिला कापून आणीन.

मंग एक दिवस आपणच बोलली, काढ. पण एकटीचा नाय, तू माझ्या बाजूला बस. मी बोललो, आये, मी बसलो तर काढणार कोण? तर बोलते, ते तुझं तू बघ. मी परत पुस्तक काढलं, त्यात घड्याळाचं चित्र होतं, त्या चित्राचं बटण दाबलं की दहा आकडे मोजून फोटो आपोआप निघतो. आईला दारापासनं दोन हात आत बसवलं, तोंड जरा दाराकडं तिरकं, दुसऱ्या बाजूला दोरीवर ते कापड, आणि कॅमेरा उपड्या घमेल्यावर, म्हंजे हलायला नको. बटण दाबलं, धावत जाऊन बसलो. लाल दिवा लुकलुकायला लागला तशी आईला संशय आला, तिनं माझं मनगट गच्च धरलं, आणि तेवढ्यात निघाला.

काय सांगू तुम्हाला तो फोटो. सुरकुती न सुरकुती दिसते, डोळ्यांत दाराचा उजेड, आणि त्या डोळ्यांत पुरता अविश्वास. म्हंजे अगदी आई.

फोटो झाल्यावर तिनं कापडाची घडी घातली, आपल्या ट्रंकेत टाकली, बोलली, हे आता माझं. पुढं दोन वर्षांनी भर पावसात गेली, ओढा भरलेला, खाली उतरायची सोय नाय, तेव्हा ट्रंक उघडून तेच कापड काढलं. मी रडलो तो तेव्हा.

दिवसकार्य झाल्यावर फोटो घेऊन स्टुडिओत गेलो. तो बोलला, आता कम्प्युटर हाय, तुम्हाला साफ काढून टाकतो, फक्त म्हातारीचा हात तुमच्या मनगटावर हाय, तो कापावा लागंल. मी फोटो उचलला आणि सरळ घरी आलो.

आता दोघांचाच फोटो नाते गावच्या खोलीत भिंतीवर हाय. बायकोनं पयल्या दिवशी हार आणला आणि हातात धरून तशीच उभी राहिली. जित्या नवऱ्याच्या फोटोला हार कोण घालंल? पाव्हणे येतात, फोटोकडं बघतात, माझ्याकडं बघतात, हार का नाय विचारतात. आणि मला दाट संशय हाय, अजूनपण हाय, की म्हातारीनं हे ठरवून केलं. तिला म्हायती होतं, मी बाजूला बसलो तर तिला हार पडायचा नाय.

असू दे. माझी पाळी येईल तेव्हा एकच हार आणा, दोघांना पुरंल.