हत्तीण होय का गोटा होय?

...आता तुम्हीच सांगा, पुस्तक म्हणजे का चकली होय का करंजी होय, का पाहुण्याच्या लेकरानं हात लावला अन् 'घेऊन जा बेटा' म्हणून देऊन टाकली? बरं, दिलं तं दिलं, घरात दुसरी पुस्तकं काय कमी होती? बकरीचं होतं, मुंग्याइचं होतं, सारसाचं ते जाडंजुडं होतं... पण नाही! तुलसाबाईनं उचललं तं नेमकं हत्तिणीचंच उचललं! अन् तेही कुंजीलालभाऊचं वाचणं ऐन जाग्यावर अडकलं असताना! अहो, म्हातारा माहूत नदीच्या काठावर उभा आहे, नदीले पूर आहे, पाऊस झोडपून राहिला आहे, अन् समोरच्या काठावर काहीतरी काळं-काळं दिसते... हत्तीण होय का गोटा होय? पान उलटाच्या आत पुस्तक जीपमध्ये बसून कोहमाऱ्याले गेलं!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. नाही तं तुम्ही म्हणाल, कुंजीलाल रहांगडाले म्हणजे पंचायतीत निवडून आलेला माणूस, घरचा धान, दारात ट्रॅक्टर, मिशा अशा का पाहून लेकरं रस्ता बदलतात, अन् हा माणूस लेकरांच्या पुस्तकासाठी झुरते? झुरते म्हणजे काय, जेवण गेलं होतं जी त्याचं!

झालं असं, का त्या साली धानाच्या रोवण्याच्या दिवसांत भाऊ शेताच्या धुऱ्यावरून घसरला अन् पाय मोडला. प्लास्टर. आता हिंडता माणूस खाटेवर पडला का काय करते? घरच्याइचा जीव खाते! 'धानाच्या बांधीत पाणी किती आहे?' 'बैल काऊन ओरडून राहिला?' 'ही भाजी अशी काऊन?' बायकोले, तुलसाबाईले, राग आला का ती मराठी सोडून घरच्या पोवारी बोलीवर येते, त्या दिवसांत ती नुसती पोवारीच बोलत होती. शेवटी पोरगी भूमेश्वरी, ती गोंदियाले लेकरांच्या वाचनालयात नोकरीले होती, तिनं संध्याकाळी बसमधून उतरल्याउतरल्या एक पुस्तक बाबाच्या पोटावर ठेवलं. 'बाबा, हे वाचा अन् घडीभर तोंडाले आराम द्या.'

भाऊनं पाहिलं. मोठमोठी अक्षरं, वर बकरी. 'काऊन वो, मले का पहिलीत नाव घालून राहिली का?' असं म्हणाला, तोंड फिरवलं, अन् थोड्या वेळानं... तुम्हाले सांगतो, खोलीतून असा हसण्याचा आवाज आला का तुलसाबाई पोळी तव्यावर सोडून धावली! ती बकरी बाजाराच्या दिवशी लपते, अन् सारा गाव तिले लपवते, पाटलाच्या बायकोनं तं तिले लुगडं नेसवून ओसरीत बसवलं! भाऊ हसे अन् पाय दुखे, पाय दुखे अन् अजून हसे.

झालं! लागला नाद. रोज संध्याकाळी बस आली का भाऊचे डोळे पोरीच्या पिशवीवर. 'आज काय आणलं?' मग आलं मुंग्याइचं, गोष्ट नाही बरं का, खरीखुरी माहिती. त्याच्यात लिहिलं होतं का काही मुंग्या बुरशीची शेती करतात. भाऊनं मजुराइले खाटेजवळ बोलावून वाचून दाखवलं! ते बिचारे हातापायाचा चिखल पुसत ऐकत उभे. मग आलं सारसाचं. सारस तं भाऊच्या बांध्याइत येतात, म्हणून तो ते पुस्तक अस्सं वाचे, जसा काही परीक्षेचे पेपर तपासून राहिला. 'धानात घरटं करते... बरोबर. जोडी सोडत नाही... बरोबर. लिहिणाऱ्यानं चिखल तुडवला आहे, पास!'

अन् मग भूमेश्वरीनं आपल्या पगारातून विकत आणलं ते हत्तिणीचं. चित्रांची कादंबरी. जाड. काही-काही पानं तं अशी का एक शब्द नाही! भाऊ म्हणाला, 'शब्द नाही तं पैसे कायचे घेतले?' अन् त्याच पानावर दुपारभर अडकून पडला. सर्कस बुडते, मालक हत्तीण विकून टाकते, अन् म्हातारा माहूत तिले शोधाले गावोगाव पायी निघते. एवढीच गोष्ट. पण त्या म्हाताऱ्याचा चेहरा असा काढला होता का भाऊ म्हणे, 'हा माणूस मी कुठंतरी पाहिला आहे वो.' पाय बरा झाला, प्लास्टर निघालं, धान कापाले आला, तरी भाऊ ते पुस्तक रोज थोडं-थोडं वाचे. अन् नदीच्या पानावर आला तं बंदच करून ठेवलं! म्हणते, 'मंडईच्या जत्रेचा गोंधळ उरकू द्या. मग निवांत बसून पाहीन, हत्तीण होय का गोटा होय.'

अन् तिथंच घात झाला. कारण आपल्याकडं दिवाळीनंतरची मंडई म्हणजे काय, तुम्हाले का सांगाचं? नाटक, दंडारीचा नाच, पाळणे हे सारं आहेच, पण खरं काम काय? सोयरीक! 'मंडई पाहाले आलो जी' म्हणाचं अन् पोरगी पाहून जायचं. तसेच आले कोहमाऱ्याचे सेवकराम टेंभरे, हायवेवर त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. संगं बायको सुशिलाबाई, नवरदेव पोरगा तिलक, अन् त्याची पुतणी डिंपल. एवढीशी पोरगी, पण भोकाड असं का दंडारवाल्याइनं डफ थांबवला!

पोरगा चांगला होता. भूमेश्वरीलेही आवडला. पण भाऊच त्या दिवसापासून अडून बसला. 'पाहू, घाई कायची?' 'अजून दोन-चार ठिकाणं पाहू.' तुलसाबाई विचारे, 'पोरात खोट काय आहे?' तं सांगता येईना! खोट पोरात नव्हतीच ना जी. पोरगी सासरी गेली का संध्याकाळच्या बसमधून पिशवी घेऊन कोण उतरंल? बाप माणूस, हे तोंडानं कसा म्हणंल? म्हणून आपलं 'पाहू, पाहू.'

तं त्या मंडईच्या दिवशी भाऊ पुरुष मंडळीले मंडई दाखवाले घेऊन गेला, अन् घरी डिंपलनं भोकाड पसरलं. लाडू दिला, फेकला. शिंगाडे दिले, फेकले. तुलसाबाईनं उशाखालून हत्तीण काढून हातात दिली... पोरगी चूप! एकदम चूप! अन् निघाच्या वेळी सुशिलाबाई पुस्तक सोडवाले लागली तं तुलसाबाई काय म्हणते? 'राहू द्या जी, आमच्या घरून लेकरू रिकाम्या हातानं जात नाही.' आता रीत आहे, मी नाही म्हणत नाही! पण रीत काय फ्रॉक देऊन पाळता येत नाही?

भाऊ वापस आला तं जीप सुरू झालेली, अन् खिडकीतून डिंपल टाटा करून राहिली... कशानं? हत्तिणीनं! भाऊ धावला. नुकता पाय जुळलेला माणूस, जीपच्या मागं, 'थांबा! थांबा जी!' जीप थांबली. सेवकरामनं मान बाहेर काढली, 'काय झालं जी?' आता काय सांगाल? पोरीचा बाप होऊन पाहुण्याच्या लेकराच्या हातातून दिलेली वस्तू मागाल? सोयरीक राहिली बाजूले, साऱ्या जातीत नाव निघंल! भाऊच्या हातात घरच्यासाठी घेतलेल्या शिंगाड्याची थैली होती. तीच दिली. 'हे... हे राहिलं होतं जी.' सुशिलाबाईच्या डोळ्यात पाणी. 'पाहा वो, किती मायेची माणसं!' अन् हा इकडं रस्त्यात उभा, रिकाम्या हातानं. आपलेच दात अन् आपलेच ओठ, कोणाले बोलते?

मग काय, भाऊले चैन पडंना. गोंदियात शोधलं, नागपूरले फोन लावला. 'संपलं आहे, नवीन छापून आलं का कळवू.' भूमेश्वरी म्हणे, 'बाबा, मी वाचलं आहे. सांगू का पुढं काय होते?' अन् हा कानावर हात ठेवून ओरडे, 'खबरदार! घराबाहेर काढीन!' जेवता-जेवता घास हातातच राहे. तुलसाबाई विचारे, 'काय पाहिजे? भाजी वाढू?' तं म्हणे, 'हत्तीण होय का गोटा होय?'

अन् एक दिवस सकाळी दाढी करून, कोशाचा सदरा घालून तयार! 'चला, कोहमाऱ्याले घर पाहाले जाऊ.' तुलसाबाईच्या हातातलं सूप पडलं. महिनाभर 'पाहू पाहू' करणारा माणूस! भूमेश्वरी तं सरळच म्हणाली, 'बाबा, खरं सांगा, मले पुस्तकाच्या पायी देऊन राहिले ना?' भाऊनं मिशीवरून हात फिरवला अन् जीपमध्ये जाऊन बसला.

कोहमाऱ्याले पोहोचले. पाय धुवाले पाणी झालं, चहा झाला, अन् भाऊ लागला घर पाहाले. काय पाहाचं असते? विहीर, गोठा, धानाची कोठी. हा काय पाहून राहिला? कपाटाच्या वर! टीव्हीच्या मागं! गादीचा कोपरा उचलून! टेंभऱ्याच्या घरचे लोक एकमेकांकडं पाहून मनातल्या मनात खूश, 'असा बाप पाहिजे बाप्पा, पोरगी द्याच्या आधी किती बारकाईनं पाहून राहिला!'

तेवढ्यात सेवकरामनंच आपल्या लोडाच्या मागून पुस्तक काढलं. तेच! कोपरे मुडपलेले, हळदीचा एक डाग, पण तेच! 'समधीजी, हे तुमच्या घरचं पुस्तक. डिंपलसाठी आणलं अन् मीच घेऊन बसलो. दुकानात गिऱ्हाईक खिळे मागते अन् मी हत्तिणीत!' अहो, भाऊच्या अंगात वीज आली! हात पुढं केला. 'जरा... जरा पाहू जी.' पुस्तक हातात आलं. नदी आली. पूर आला. तो काठ आला. भाऊनं पानाचा कोपरा बोटात धरला...

अन् सेवकराम म्हणते, 'अजी, गोटाच होय जी तो!'

भाऊचं बोट तिथंच.

'म्हातारा बिचारा पुरातून पोहून जाते, पाहते तं काय, गोटा! मग बसते त्याच्यावरच अन् रडते. अन् हत्तीण कुठं राहते सांगू? त्याच्या मागं! विकत नेणाऱ्याकडून सुटली तेव्हापासून त्याच्याच मागं-मागं येऊन राहिली होती जी! मागची पानं पाहा, झाडाआड सोंड दिसते, आपलंच ध्यान जात नाही! मग ती येते, सोंड त्याच्या खांद्यावर ठेवते, अन् खतम! काय काढलं आहे जी! घ्या, तुम्ही वाचा ना, आरामात वाचा.'

आता बोला! मधातच तोंड बंद कराले सांगंल, तं तो पोरीचा बाप कायचा? व्याह्याचं बोलणं तोडाचं नाही, आपल्याकडं मान खाली घालून ऐकाचं असते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! कुंजीलालभाऊनं ते सारं हसऱ्या तोंडानं ऐकलं, 'हो जी, हो जी' म्हणाला, अन् मग त्या मोठ्या मिशांवरून टपटप पाणी गळाले लागलं. सुशिलाबाईनं पदर डोळ्याले लावला, 'पोरीच्या बापाचं काळीज, दुसरं काय!' अन् तुम्हाले सांगतो, ते खोटंही नव्हतं. थोडं पुस्तकासाठी होतं. पण त्या घरात लोडामागं पुस्तक निघालं, हे पाहून माणसाच्या जिवावरचा धोंडाच उतरला ना! पोरगी अशा घरी जाऊन राहिली, जिथं तिची पिशवी कोणीतरी वाट पाहून उघडंल. तिथंच उठला अन् म्हणाला, 'समधीजी, पोरगी तुमची.'

लग्न झालं, थाटात झालं. भूमेश्वरी आता कोहमाऱ्यावरून बसनं गोंदियाले जाते, अन् दोन्ही घराइले पुस्तकं पुरवते. पण पहिले कोणाच्या हातात पडतात? सासऱ्याच्या! अन् सेवकराम म्हणजे मायाळू माणूस, एखादं चांगलं वाचलं का त्याच्या पोटात राहते का? सकाळीच फोन, 'हॅलो समधीजी, ते चोराचं वाचलं का? नाही? अजी, चोर म्हणजे तो पोस्टमनच होय!' आता त्याले 'सांगू नका' कसं म्हणाल? पोरगी त्याच्या घरी आहे. मग कुंजीलालभाऊनं उपाय काढला. नवीन पुस्तक हातात आलं, का पहिले शेवटचं पान वाचून घेते, अन् मग सुरुवात करते. म्हणते, 'व्याह्याच्या तोंडून कळण्यापेक्षा आपल्याच डोळ्यानं खराब केलेलं बरं.'