जातो आणि येतो

आबा, वहिनी, कुंडलकर ग्रामस्थहो आणि माझ्या विद्यार्थ्यांनो,

शाळेत इंग्रजी शब्द शिकवणं हा माझा व्यवसाय, आणि आज मराठीत बोलणंही अवघड आहे. तरी बोललं पाहिजे. समोर टेबलावर आपल्या दिनकरच्या गाण्यांच्या तबकड्या फडक्यात बांधून ठेवल्या आहेत. सभा संपताच त्या कृष्णेत सोडायचं काहींनी ठरवलं आहे. या गाण्यांनीच पोरगं नेलं, अशी कुजबुज मीही ऐकली आहे.

म्हणून आधी ही गाणी समजून घेऊ. त्या तबकड्या बोटीवर नोकरी करणाऱ्या त्याच्या मामाने आणल्या. परदेशात या संगीताला ‘हेवी मेटल’ म्हणतात. म्हणजे जड धातू. आबा, तुम्ही लेकाला म्हणाला होता, “धातूचं कसलं आलंय गानं? असला खडखडाट मी कारखान्यात रोज फुकट ऐकतोय की!” पण वेष्टनावर गाण्यांचे शब्द छापलेले होते. दिनकर एकेक ओळ घेई, क्रियापद हुडकी, त्याचा काळ ओळखी आणि तपासून घ्यायला माझ्याकडे येई. अंधार, घंटा, थडगं, शाप असा त्याचा शब्दसंग्रह वाढत गेला. “सर, ह्यात भुतंच लय,” तो म्हणायचा, “म्हणून भूतकाळ पक्का झाला बघा!” केवढे हसलो होतो आम्ही!

याच गाण्यांत त्याला ‘आय ॲम गोइंग’ भेटलं. मी समजावलं, इंग्रजीत पाय ज्या दिशेला, क्रियापदही त्याच दिशेला. मराठीत पाय उंबऱ्याबाहेर पडतात आणि शब्द घराकडे वळतो: येतो. त्याला याची फार गंमत वाटली. घरातून निघताना तो मुद्दाम ‘जातो’ म्हणू लागला.

त्या सकाळीही म्हणाला. कराडला नोकरीची मुलाखत होती, तीही इंग्रजीतून. वहिनी, तुम्ही दारातून ओरडलात, “आरं, येतो म्हण की रं!” तो हसला आणि मोटारसायकल सुरू केली. तेव्हापासून तुम्ही एकच वाक्य बोलता आहात: “जातो म्हनला, आन् गेलाच.”

पुढचं तुम्हांला ठाऊक नाही. तो शाळेच्या फाटकाशी थांबला. म्हणाला, “सर, आई चिडलीया. तिला सांगा, मी दुरुस्ती केली.” आणि गावाकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला, “येतो!”

म्हणजे शब्द बरोबर होता. तरीही तिन्हीसांजेला वळणावर, मागे दिवा नसलेला उसाचा ट्रक उभा होताच. मग मंडळी, कोणता शब्द आपल्याला वाचवणार आहे? आणि तो ट्रक तिथे उभा असताना आपण नदीत काय बुडवणार आहोत? तबकड्या?

वहिनी, मुलाखत आटोपून तो परतीच्या वाटेवर होता. त्याचं तोंड घराकडे होतं. तो जात नव्हता. तो येत होता. आमच्या व्याकरणात याला अपूर्ण भूतकाळ म्हणतात. आजवर हे नाव मी नुसतं शिकवलं होतं.

आता आपण सारे उभे राहू आणि त्याच्यासाठी काही क्षण गप्प राहू. दुःखाच्या घरून निघताना ‘येतो’ म्हणायचं नसतं, ही आपली रीत मला ठाऊक आहे. तरी आज मी ती मोडणार आहे.

वहिनी, येतो.