अकोटच्या सभेतलं वाक्य

(अमरावतीचं विश्रामगृह, दुपारची वेळ. केंद्रात मंत्री असलेले महादेवराव, दिल्लीहून आलेल्या परराष्ट्र खात्याच्या अधिकारी वर्षाली सबनीस आणि बार्शीटाकळीकडचा भाजीवाला कास्तकार सहदेव, ज्याचा मुलगा शुभम आखातातल्या एका देशात तुरुंगात आहे.)

महादेवराव : ...तं मी चुकीचं काय बोललो, ते सांगा ना मॅडम! पोरगं बेकसूर हाय असं नाही म्हनलं मी. सोडा म्हनलं फक्त.

वर्षाली : ‘सोडा’ एवढंच म्हणाला असतात, सर, तर मला दिल्लीहून इथे यावं लागलं नसतं.

महादेवराव : मंग काय म्हनलो? वाचून दाखवा. असनच तुमच्यापाशी छापेल.

वर्षाली : वाचायची गरज नाही, पाठ झालंय. “त्या राजाले म्हना, तुह्या देशाहून आमचा अकोटचा बाजार मोठा हाय. आमचं पोरगं सोड गुमान, नाहीतं तिथं येऊन कान धरून गादीवरून उठवतो तुले.”

महादेवराव : तुमच्या तोंडून लय सोज्वळ वाटते वो ते.

वर्षाली : तिथल्या पेपरात पहिल्या पानावर आलं, की भारताचा मंत्री आमच्या राजाला गादीवरून खाली ओढायची धमकी देतो.

महादेवराव : मंग बरोबरच छापलं की त्यायनं.

वर्षाली : हो सर. भाषांतरात काहीच चूक नव्हती. शुभमच्या माफीचा कागद राजांच्या सहीला गेला होता. तुमची सभा झाली आणि तो कागद सहीशिवाय परत आला. कारण वगैरे काही नाही.

महादेवराव : सहदेवा, अबे तू बी बोल ना काहीतरी. कवाचा गुमसुम बसला. पोरगं तुहं हाय.

सहदेव : आयकून राहिलो भाऊ.

वर्षाली : तुम्ही जेवलात का सहदेवजी? सकाळपासून इथेच आहात म्हणे.

सहदेव : जेवलो असन. नाही... घरून निंगालो तवा बायकोनं, माणिकनं, ताट वाढलं होतं. सकाळी मंडीत वावरातलं हिरवं सांबार टाकलं, गड्डीचा काय भाव लागला तेबी इचारलं नाही. एसटीत बसलो, मूर्तिजापूर आलं, तवा ध्यानात आलं का फटफटी मंडीतच राह्यली.

महादेवराव : चाबी?

सहदेव : तिलेच असन.

महादेवराव : थांब, मी ठानेदाराले फोन लावतो. पाच मिनटात फटफटी घरी—

सहदेव : राहू द्या भाऊ. राहू द्या आता फोन.

महादेवराव : पाह्यलं मॅडम? हा मानूस मले कधी ‘राहू द्या’ म्हनला नाही. याच्या वावरातली विजेची डीपी जळली होती, भर उन्हाळ्यात. महिना झाला, इंजिनेर दाद देईना. हा आला माह्या दारात. मी फोन लावला, स्पीकरवर टाकला, पन्नास मानसायच्या समोर त्या इंजिनेराले असा झापला का त्याचं त त प प झालं. डीपी कवा आली रे?

सहदेव : दुसऱ्या दिवशी.

महादेवराव : दुसऱ्या दिवशी! आमच्याकडं असंच होते काम. कोनाचा फेरफार अडला, कोनाच्या पोरीले दाखला भेटत नाही, मी फोन लावतो अन झापतो. त्या साहेबालेबी माहीत असते का भाऊ झापतीन, झापलं का करा लागते. त्यालेबी राग नसते. दुसऱ्या दिवशी मलेच चहा पाजते.

वर्षाली : राजांना फोन लागत नाही सर.

महादेवराव : म्हनून तं सभेत बोललो!

वर्षाली : आम्हाला एकदा विचारायचं तरी.

महादेवराव : इचारू काय? हा अन याची बायको, दोघं येऊन पाया पडले माह्या. म्हने भाऊ, दिल्लीवाले नुसते कागद पाठवून राहिले, तुमी त्यायले झापा एकदा. सभेत हा पयल्या रांगेत बसला होता. मी बोललो अन पयली टाळी कोनाची पडली? इचारा त्याले.

सहदेव : माहीच.

महादेवराव : ... मी तुले बोल लावून नाही राहिलो रे.

सहदेव : नाही भाऊ. खरंच हाय ते. लय बरं वाटलं होतं तवा. कोनीतरी बोललं आपल्याकडून, असं. आता काहीच वाटत नाही. तुमचा राग येत नाही, रडूबी येत नाही. माणिक म्हनते, तुमी असे दगडावानी काहून झाले.

वर्षाली : त्यांना माहीत आहे? कागद परत आल्याचं?

सहदेव : नाही सांगतलं. तिले वाटते भाऊ बोलले, आता पोरगं निंगालं तिकडून. रोज पाहते तो व्हिडिओ. माळ्याच्या घरच्या बाया झेंडू तोडायले येतात, त्यायलेबी दाखवते. शुभमची खोली सारवून घेतली तिनं.

महादेवराव : अबे, सांगाचं ना तिले!

सहदेव : कसं सांगू? काय म्हनू? भाऊ बोलले म्हनून पोरगं अडकलं, असं म्हनू?

वर्षाली : सहदेवजी, तिथे काय चाललं होतं, ते मी तुम्हाला सांगते. तुम्हाला कोणी नीट सांगितलेलंच नाही, ही आमची चूक आहे. शुभमच्या ट्रकखाली जो मुलगा गेला, त्याच्या आईने माफ केल्याशिवाय राजे सही करत नाहीत. आमचे तिथले एक अधिकारी त्या बाईंच्या घरी जात होते. जायचे, बसायचे, कॉफी प्यायचे, परत यायचे.

महादेवराव : अन काय बोलायचे?

वर्षाली : काही नाही. वर्षभर शुभमचं नावसुद्धा काढलं नाही.

महादेवराव : वर्षभर! सरकारी पगारावर नुसती कॉफी!

सहदेव : आपल्याकडंबी तसंच बसते की भाऊ. मयतीच्या घरी आपन जातो, कोन काय बोलते तिथं? बसतो अन येतो.

वर्षाली : अगदी तसंच. मग एक दिवस त्या बाईंनीच विचारलं, तो पोरगा कुठला? त्याला आई आहे का? आमचे अधिकारी हो म्हणाले. त्यानंतर पुष्कळ दिवसांनी त्यांनी माफीच्या कागदावर अंगठा दिला.

सहदेव : काय नाव हाय त्या बाईचं?

वर्षाली : तिकडे बाईला पहिल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. त्यांना उम्म सालेम म्हणतात. सालेमची आई.

सहदेव : अन सालेम?

वर्षाली : तोच गेला.

सहदेव : आताबी तेच म्हनतात तिले?

वर्षाली : हो.

महादेवराव : पानी द्या याले कोनीतरी. मलेबी द्या.

वर्षाली : सर, पुढच्या आठवड्यात त्यांचा राष्ट्रीय दिवस आहे. त्या दिवशी राजे कैद्यांना माफी देतात. उद्या त्यांच्या दरबारात शेवटची नावं ठरतील. शुभमची अजून अकरा वर्षं बाकी आहेत. हा दिवस हुकला, तर पुढच्या खेपेला त्याचं नाव कोणी पुढे करेल असं मला वाटत नाही. आमच्या राजदूतांनी कसंबसं एक दार उघडून ठेवलंय. तुमचा खेद, तुमच्या तोंडून, कॅमेऱ्यासमोर. दोनच वाक्यं आहेत.

महादेवराव : अन पार्टी? माह्या पोरायनं त्या वाक्याचे बॅनर लावले, नांदगाव खंडेश्वरच्या चौकात जाऊन पाहा. “भाऊनं राजाले झापलं.” जिल्हा परिषद तोंडावर हाय. लोक माह्याकडं काहून येतात मॅडम? मी देखना हाय म्हनून? या तोंडासाठी येतात. भाऊ कोनाच्या बापाले भीत नाही म्हनून येतात.

वर्षाली : मला कल्पना आहे.

महादेवराव : नाही, तुमाले नाही कल्पना. दिल्लीत मी बोललो का बाजूचे लोक मान खाली घालून हासतात. गावंढळ म्हनतात, मले आयकू येते. इथंच माह्या बोलन्याले किंमत हाय. तेच तुमी मांगून राहिले.

सहदेव : भाऊ.

महादेवराव : बोल.

सहदेव : मी काही म्हनत नाही. मागच्या डावी मी म्हनलो अन तुमी बोलले. आता तुमचं तुमी पाहा.

महादेवराव : ... आना तो कागद. कॅमेरा चालू करा. चष्मा कुठं गेला माहा? हं. “अकोट येथील सभेत माझ्याकडून जे शब्द गेले, त्यांनी त्या देशाच्या राजांचा व जनतेचा अवमान झाला. त्याबद्दल मला मनापासून खेद आहे.” पन आमचं पोरगंबी कोनाचं तरी—

वर्षाली : थांबा सर. ‘पण’ नको.

महादेवराव : अवो, आलंच ते तोंडात. पुन्हा घ्या. “अकोट येथील सभेत माझ्याकडून जे शब्द गेले, त्यांनी त्या देशाच्या राजांचा व जनतेचा अवमान झाला. त्याबद्दल मला मनापासून खेद आहे.” अन मोठ्या मनाच्या राजानं—

वर्षाली : सर, तेही नको. खेद म्हणून झालं की गप्प बसायचं. कॅमेरा बंद होईपर्यंत.

महादेवराव : गप्प बसून मी काय करू? हात कुठं ठेवू?

सहदेव : मांडीवर ठेवा भाऊ.

महादेवराव : घ्या. शेवटचं. “अकोट येथील सभेत माझ्याकडून जे शब्द गेले, त्यांनी त्या देशाच्या राजांचा व जनतेचा अवमान झाला. त्याबद्दल मला मनापासून खेद आहे.”

वर्षाली : ... झालं. छान झालं सर.

महादेवराव : छान काय त्यात? माह्या बापाच्या मयतीलेबी मी एवढा गप्प बसलो नाही.

वर्षाली : मी आत्ताच पाठवते. आणि अजून एक विनंती आहे. संध्याकाळी तुमची नांदगाव खंडेश्वरला सभा आहे ना?

महादेवराव : हाय. दहा हजार मानूस येते.

वर्षाली : तिथे यावर एक शब्दही नको. त्यांचा राष्ट्रीय दिवस होईपर्यंत कुठेच नको. तुमचं प्रत्येक भाषण ते आता ऐकतायत. गर्दीतून कोणी ‘राजाले झापा’ म्हणून ओरडलं आणि तुम्ही नुसते हसलात, तरी संपलं.

महादेवराव : गर्दी तेच म्हनीन. दुसरं काही म्हननारच नाही. अन त्यायनं म्हनलं का माह्या तोंडातून निंगते, मॅडम. मी ठरवून नाही बोलत. समोर मानसं दिसली का येतेच ते.

वर्षाली : मग सभेला जाऊ नका.

महादेवराव : नाही गेलो तं म्हनतीन, भाऊ भ्याले. माफी मांगून घरात दडले. ... जातो. जाऊन स्टेजवर बसतो. घसा बसला म्हनून सांगतो. डॉक्टरनं बोलू नका म्हनलं. लोक हासतीन, शिट्ट्या मारतीन. मारू द्या. सहदेवा, तू येतो का माह्यासंग? बाजूच्या खुर्चीवर बैस. मी उठून माइककडं निंगालो, का हात धर माहा.

सहदेव : मी कसा धरू भाऊ, तुमचा हात? एवढ्या मानसात?

महादेवराव : धर म्हनलं ना! तुह्याकडं पाह्यलं तं गप्प राहीन मी. नाहीतं नाही राहनार.

सहदेव : बरं. येतो.

वर्षाली : होईल असं मी वचन देत नाही, सहदेवजी. पण दार अजून बंद झालेलं नाही. एवढंच सांगू शकते.

सहदेव : एवढं बी बस हाय मॅडम. ... हा फोन वाजून राहिला. माणिकचा हाय.

महादेवराव : उचल. टाक स्पीकरवर. आता तिले सांगूनच टाक सारं, मी हाय बाजूले.

सहदेव : हं, बोल.

माणिकबाई : अवो, कुठं हा तुमी? मंडीवाल्या रामरावचा पोरगा फटफटी आनून ठेवून गेला. मले धस्स झालं ना बाप्पा! भाऊ भेटले का?

सहदेव : भेटले. दिल्लीच्या मॅडमबी हायेत. आयक माणिक, तुले एक सांगाचं राह्यलं. शुभमचा कागद... कागद थांबला हाय थोडा.

माणिकबाई : थांबला? काहून थांबला? भाऊ बोलले ना!

सहदेव : हो. म्हनूनच... आता भाऊ काही बोलनार नाहीत. गप्प राहनार हायेत ते.

माणिकबाई : गप्प? कोनाले?

सहदेव : कोनालेच नाही बोलनार. सभेतबी नाही. तेच बरं हाय आपल्या पोरासाठी.

माणिकबाई : काय बोलून राहिले तुमी? कागद थांबला अन भाऊबी गप्प बसले, तं आपल्या पोराकडून बोलनार कोन हाय वो? द्या बरं भाऊले फोन. मी पाया पडते त्यायच्या. म्हना, मागच्या डावी त्या राजाले आयकू नसन गेलं, आता जरा जोरात बोला.