बुटातला कडबा

मला दचकायला काही लागत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण त्या दिवशी कारण खरंच होतं. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, दुष्काळ पडला होता, आणि नव्या पोलीस साहेबांचे घोडेस्वारीचे बूट सांभाळायचं काम आमच्या बाबांकडं होतं. करडीचं तेल चोळायचं, आणि उंच नळ्या वाकू नयेत म्हणून आत काहीतरी ठासून ते उभे ठेवायचे. आईनं या वेळी कडबा ठासला.

परेडच्या सकाळी पाहते तर अंगणात चार पायांचा बूट चालत होता! मी किंचाळले. आमच्या भुंड्या शेळीनं कडब्यासाठी बुटात तोंड घातलं होतं, आणि ते आता निघत नव्हतं.

“नोकरी गेली गं माझी!” म्हणत बाबा बूट ओढत होते, आई शेळी ओढत होती, तेवढ्यात साहेबच दारात.

“आत काय भरलं होतं?”

“कडबा, साहेब. हिच्या माहेरचा, चाकूरचा. चुकी झाली.”

साहेबांनी आवाज एकदम खाली आणला.

“बुटाचं राहू द्या हो. अजून आहे का थोडा? तिकडं माझं घोडं उपाशी, अन् इथं माझे बूट पोटभर जेवून उभे!”