बाबांची लांबची लेन्स

अरे, लालबागला आमच्या बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून डॉक्टरांनी ओरडूनच विचारलं, "चष्म्याशिवाय लांबचं दिसायला हवं की जवळचं?"

मी म्हटलं, "जवळचं. जन्म गेला त्यांचा मिलमध्ये कापड विणणाऱ्या साच्यांच्या खडखडाटात धागे बघण्यात."

बाबा भडकले. "संपात साचे गेले, आता कसले धागे? डॉक्टर, लांबचं बसवा. मी गॅलरीत विडी ओढतो. बायको बाजारातून येताना नाक्यावरच दिसली पाहिजे."

आई मागेच बसली होती.

"बसवा हो लांबचं," ती म्हणाली. "यांना विडी विझवायला वेळ मिळावा म्हणून मी रोज जिन्यातून खोकत येते. पण मिल बंद पडली तरी यांच्या कानात साचे चालूच आहेत!"