सतरा नंबरचा संगणक

सांगून कुणाला पटायचं नाही, पण कांथोच्या फेरीबोटीच्या रांगेत नेटकॅफेवाला खांग बहिणीला हे सांगताना मी या कानांनी ऐकलं.

"लुआताई, सतरा नंबरचा संगणक चोरानं नेला."

"खरं सांग, नाहीतर कॅफेच्या किल्ल्या परत घेईन."

"शपथ! घरी नेऊन चालू केला, तर पडद्यावर आपल्याच कॅफेचं नाव! घाबरून नदीत फेकला त्यानं."

"थांब, माझा गोंधळ होतोय. कॅफेचं नाव, गेम, सगळं संगणकातच असतं ना?"

"छे गं! एकातही डिस्क नाही. सगळं आतल्या खोलीतल्या सर्व्हरमध्ये. तिथून तारेनं तीसही संगणकांना मिळतं."

"तार काढली तर?"

"मग नुसता डबा. काही उमटत नाही."

"चोरानं तारही नेली?"

"तार भिंतीतच आहे की!"

"मग त्याच्या घरी कॅफेचं नाव उमटलं कसं रे, थापाड्या?"