मायाप्पानं वापरलेला शब्द

दाक्षायणी : एवढासा इंग्रजी मेसेज, सर. किती येळा वाचताय?

सोमशेखर सर : हो... मल्लिनाथला लागलंय, असं आहे. पायाला. दवाखान्यात आहे.

दाक्षायणी : कशानं लागलं?

सर : ते लिहिलेलं नाही.

दाक्षायणी : मग तोंड का उतरलं तुमचं? पोरगं आखातात बंदरावर कामाला हाय. टीव्हीवर तिकडं क्षेपणास्त्रं पडताना दाखवतायत. लपवू नका.

सर : एका शब्दावर अडलोय, ताई. पडून, यंत्रात सापडून लागलं, तर इंजर्ड म्हणतात. थोडंफार लागलं, नाहीतर मन दुखावलं, तर हर्ट. इथं वुंडेड लिहिलंय.

दाक्षायणी : ते कशाला म्हंतात?

सर : हत्यारानं झालेल्या जखमेला. सुरा, गोळी... पण लोक सरसकट वापरतात हो. माझंही चुकत असेल. शिकवणं सुटून किती वर्षं झाली.

दाक्षायणी : लिवलंय कुणी?

सर : मैंदर्गीच्या मायाप्पानं. मल्लिनाथच्या बाकावर बसायचा तो, आता तिकडंही त्याच्याबरोबरच आहे.

दाक्षायणी : म्हंजे तुमच्याच हाताखालचा की!

सर : तीच तर भीती आहे. लढाईतला सैनिक ‘इंजर्ड’ झाला, असं त्यानं लिहिलं होतं. मी ते त्याला फळ्यावर दुरुस्त करायला लावलं होतं.

दाक्षायणी : लावा फोन त्याला.

सर : मी? मला फोनवर धड बोलता येत नाही...

दाक्षायणी : मी हाय की शेजारी. लावा, सर.

(फोन लागतो. सर स्पीकर चालू करतात.)

मायाप्पा : हॅलो, कोण?

सर : मी... सोमशेखर सर. मल्लिनाथच्या आई आहेत शेजारी.

मायाप्पा : नमस्कार सर! काकू, मल्ल्या शुद्धीवर हाय. पायाला टाके पडलेत. मघाशी चहात साखर कमी म्हणून भांडला.

दाक्षायणी : पर झालं कशानं रं?

मायाप्पा : कामावर झालं, काकू. हितं आमचे साहेब उभे हायत. त्यांना हिंदी-मराठी समजतं. मेसेज इंग्रजीतच लिहायचा, त्यांनी वाचल्यावरच पाठवायचा, असा नियम हाय.

सर : मायाप्पा, तो शब्द घाईत पडला का रे? इंजर्ड म्हणायचं होतं का तुला?

मायाप्पा : न्हाय सर. फळ्यावरचं ध्यानात हाय. आन् काकू मेसेज घेऊन तुमच्याकडंच येणार, हे बी ठाऊक होतं.

सर : बरं... कळलं. जपा रे दोघं.

मायाप्पा : ठेवतो, सर.

दाक्षायणी : काय कळलं?

सर : अपघात नाही, ताई. तुम्ही टीव्हीवर बघता, त्यातलंच काहीतरी.

दाक्षायणी : ...पर हाय की त्यो. चहावरनं भांडतोय.

सर : आहे. नक्की आहे.

दाक्षायणी : ह्यांची मंगळवेढ्याची एस्टी यायची येळ झाली. ह्यांचं काळीज लई कच्चं हाय, सर. पाय घसरून पडला म्हणून सांगते. तिकडं पाऊस चालू हाय म्हणावं.

सर : तिकडं या दिवसांत पाऊस नसतो, ताई.

दाक्षायणी : ह्यांना कुटं ठावं हाय.